रूपं पाठ, पण पाणी मागता येईना

लहानपणी मी अरबी क्रियापदांची रूपं घोकली. ‘जरबतु’ म्हणजे मी मारलं, ‘जरबता’ म्हणजे तू मारलंस. शेवटचा एक स्वर बदलला की मारणाराच बदलतो, म्हणून व्याकरण हवंच. पण अरबीत साधं पाणी मागायची वेळ आली, तर मी मुका!

हा पेच जुना आहे. इंग्रज अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवायला १८०० मध्ये कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघालं. तिथल्या गिलख्रिस्ट यांनी हिंदुस्तानीचं व्याकरण आधीच लिहिलं होतं. तरीही विद्यार्थ्यांसाठी त्यांनी मीर अम्मन यांच्याकडून ‘बाग-ओ-बहार’ लिहून घेतलं. चार दरवेशांची ही गोष्ट दिल्लीच्या बोलत्या भाषेत आहे. तिथेच मराठी शिकवणाऱ्या विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला छापलं गेलं. त्यात नियमांसोबत रोजच्या विषयांवरचे संवादही होते.

त्यांना राज्य चालवायचं होतं, हे खरं. पण पद्धत घेण्यासारखी आहे. आपल्या मुलांना रूपं जरूर शिकवूया. मात्र आज शिकलेल्या रूपाने आजच काही विचारू द्या, सांगू द्या. नाहीतर भाषा पाठ होते, आपली होत नाही.