एरिन फिलिप्स: 18 वर्षं थांबलेला खेळ

आज जाऊया ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरात. तिथे क्रिकेटइतकाच, किंबहुना जास्तच, जीव टाकतात तो 'फुटी'वर. म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. मैदान लंबगोल, बॉलही लंबगोल, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथ मारून बॉल घातला की 6 पॉइंट, बाजूने गेला तर 1.

1985 साली जन्मलेली एरिन फिलिप्स याच शहरात वाढली. वडील ग्रेग फिलिप्स म्हणजे पोर्ट ॲडलेड क्लबचे मोठे खेळाडू. एरिन मुलांच्या टीममध्ये खेळायची आणि त्यांना भारी पडायची. पण तेरा वर्षांची झाली आणि विषय संपला. त्या वयानंतर मुलींना मुलांबरोबर खेळता येत नव्हतं, आणि बायकांसाठी प्रोफेशनल लीग नव्हतीच.

बायका फुटी खेळतच नव्हत्या, असं मात्र नाही. 1915 मध्ये पर्थला दुकानात काम करणाऱ्या मुली मॅच खेळल्या होत्या. 1981 मध्ये व्हिक्टोरिया राज्यात बायकांची लीगही सुरू झाली. पण त्यावर पोट भरणं अशक्य होतं.

मग एरिन बास्केटबॉलकडे वळली. 2006 ला ऑस्ट्रेलियाबरोबर वर्ल्ड चॅम्पियन, 2008 ला बीजिंगमध्ये ऑलिम्पिक सिल्व्हर. अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीएमध्ये दोन वेळा विजेतेपद: 2012 ला इंडियाना, 2014 ला फिनिक्स.

आणि मग 3 फेब्रुवारी 2017. मेलबर्नमध्ये एएफएलच्या महिला लीगची पहिली मॅच. साधारण 24,500 लोक आत आले, गेट बंद करावं लागलं, बाकीचे बाहेरच राहिले. एरिन तेव्हा 31 वर्षांची. म्हणजे मध्ये 18 वर्षं गेली! त्याच सीझनमध्ये ॲडलेडने फायनल 6 पॉइंटने जिंकली आणि लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली एरिन. पैसे किती मिळायचे? मोठ्या स्टारला सीझनचे 27,000 डॉलर, बहुतेक मुलींना 8,500. त्यामुळे बहुतेक जणी नोकरी सांभाळून खेळत होत्या.

2019 ची फायनल ॲडलेड ओव्हलवर. प्रेक्षक 53,034. एंट्री फुकट होती, हे खरं. पण फुकट आहे म्हणून कोणी रविवारी 53 हजारांच्या गर्दीत जाऊन बसत नाही. तिसऱ्या क्वार्टरमध्ये एरिनचा गुडघा गेला. स्ट्रेचरवरून नेताना अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. ॲडलेडने 45 पॉइंटने मॅच मारली आणि अर्धवट खेळूनही सामन्याची सर्वोत्तम खेळाडू तीच. 2022 मध्ये तिसरं विजेतेपद, मग वडिलांच्या पोर्ट ॲडलेडच्या महिला टीमची पहिली कॅप्टन, आणि 2023 ला निवृत्ती.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे एक चूक कायम होते: फीचर बनवलंच नाही, आणि वर म्हणायचं की ते कोणी वापरत नाही. 'बायकांचा खेळ बघतं कोण?' हा प्रश्न अगदी तसाच आहे. बघायला काही ठेवलंच नव्हतं, तर आकडा येणार कुठून?

एरिनला दुसरा खेळ जमला म्हणून ती आपल्याला माहीत आहे. तेराव्या वर्षी थांबलेल्या बाकीच्या मुलींची नावं कुठल्याच स्कोअरकार्डवर नाहीत. तुमच्या गल्लीत मुलांना धुणारी एखादी मुलगी होती का? ती कितव्या वर्षी थांबली, हे तिला एकदा विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!