जुनी रायफल, नवी नळी : पॉइंट टू टू रायफलचा नेम किती खरा, हे कसं ओळखायचं?

माझी मामेबहीण कर्जतला राहते आणि नेमबाजी करते. गेल्या वर्षी तिचे गुण एका जागी अडकले. क्लबातली जी रायफल तिच्या वाट्याला येते ती तिच्या वयाच्या दुप्पट जुनी, जर्मन बनावटीची, मूळ नळी काढून नंतर दुसरी बसवलेली. घरात चर्चा सुरू झाली : कर्ज काढून नवी रायफल घ्यायची का? मामाने मला फोन केला, "तू इंजिनीअर ना, सांग बघू, जुन्या बंदुकीचा नेम चुकतो का?"

प्रश्न लाखांचा होता, म्हणून नीट अभ्यास केला. हा लेख म्हणजे त्याचं उत्तर. रायफल कधी हातात धरली नसेल तरी वाचा, कारण यातला अर्धा भाग मोजमापाचा आहे आणि तो कुठेही कामाला येतो.

आधी लक्ष्य समजून घेऊ

५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर १० गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिमी व्यासाचं असतं. म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. गोळीचा व्यास सुमारे ५.६ मिमी. गोळीची कड वर्तुळाला नुसती शिवली तरी तो गुण मिळतो. त्यामुळे गोळीचं केंद्र लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत पडलं की १० गुण.

दशांश पद्धतीत या ८ मिमीचे दहा भाग करतात. प्रत्येक ०.८ मिमीला ०.१ गुण. अगदी मध्यावर लागली तर १०.९, त्याच्या वर काही नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. त्याचे गुण होते ४५१.४, आणि ते ४४ शॉटचे. म्हणजे सरासरी जवळजवळ १०.२६. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून, तिन्ही मिळून गोळी मध्यापासून सरासरी साडेपाच ते सहा मिमीवर. खेळ किती बारीक आहे हे यावरून कळतं.

रिमफायर म्हणजे काय?

या रायफलच्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. चाप ओढला की पिन ती कड चेपते, मसाला पेटतो, दारू जळते, गोळी सुटते. कड म्हणजे रिम, म्हणून रिमफायर. आज वापरात असलेलं पॉइंट टू टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचं आहे.

यात एक मेख आहे. मोठ्या रायफलचं रिकामं काडतूस नेमबाज घरी पुन्हा भरू शकतो, दारू तोलून आपल्याला हवं तसं करू शकतो. रिमफायरची कड एकदा चेपली की संपलं. म्हणजे कारखान्याने जे दिलं त्यावरच भिस्त.

वेगातला फरक किती महागात पडतो?

स्पर्धेची गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा थोडी हळू ठेवतात, सेकंदाला साधारण ३२५ मीटर. ५० मीटर कापायला तिला ०.१६ सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती गुरुत्वाकर्षणाने सुमारे १२ सेंमी खाली येते. साइट त्या हिशेबाने लावलेली असते, त्यामुळे एरवी अडचण नाही.

पण एक गोळी ३२५ ने आणि पुढची ३१५ ने निघाली तर? दुसरी जवळपास ८ मिमी आणखी खाली. नेम अचूक, चाप अचूक, आणि १०.९ चा शॉट १० च्या काठावर! नळीच्या कंपनांमुळे यातला थोडा फरक कधीकधी भरून निघतो, पण त्यावर विसंबता येत नाही.

म्हणून मोठे नेमबाज काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्याच रायफलमधून तपासतात आणि जो जुळतो तो साठवून ठेवतात. एकाच कंपनीचे, एकाच किमतीचे दोन लॉट एका नळीत वेगळे वागतात. याला लॉट टेस्टिंग म्हणतात.

नळीत काय काय बघतात?

नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात. पॉइंट टू टूमध्ये साधारण १६ इंचांत, म्हणजे ४० सेंमीत एक पूर्ण फेरी. हिशेब केला तर गोळी सेकंदाला ८०० वेळा गिरकी घेत बाहेर पडते. या गिरकीमुळेच ती सरळ जाते. चांगल्या नळीत चार गोष्टी बघतात :

१. आतला व्यास एकसारखा आहे का. तोंडाकडे किंचित आवळ असलेली नळी चालते, उलट मात्र नको.
२. काडतूस बसतं ती जागा (चेंबर) किती नेमकी कापली आहे. गोळी सुरुवातीलाच वाकडी बसली तर पुढे सरळ होत नाही.
३. नळीचं तोंड (क्राउन) सगळीकडून सारखं आहे का. एका बाजूला ओरखडा असेल तर गॅस त्या बाजूने आधी सुटतो आणि गोळीला ढकलतो.
४. गंज आहे का.

साध्या नळीच्या जागी कारागिराकडून अशी खास नळी बसवून घेतली की तिला कस्टम बॅरल म्हणतात. अमेरिकेची विंचेस्टर ५२ ही रायफल १९२० च्या सुमाराची. जर्मनीच्या आन्शुट्झची मॅच ५४ १९५० च्या दशकातली. दोन्हींचा पोलादी सांगाडा इतका दणकट, की लोक आजही त्यावर नवी नळी बसवून वापरतात.

मग जुनी रायफल झिजते कुठे?

गोळी मऊ शिशाची आणि दाब कमी, त्यामुळे पॉइंट टू टूची नळी नुसत्या गोळ्यांनी फार हळू झिजते. चेंबरच्या लगेच पुढे मात्र मसाल्यातल्या काचेच्या बारीक कणांमुळे कालांतराने खरवड होते. त्याहून जास्त नुकसान घाईघाईत, मार्गदर्शक न लावता सळई घालून साफ करणारे करतात.

आपल्या भागात तिसरा शत्रू आहे : पाऊस. जून ते सप्टेंबर खोपोली-कर्जतच्या हवेत कपडे वाळत नाहीत, तिथे लाकूड काय कोरडं राहणार? जुन्या रायफलचा दस्ता लाकडी. लाकूड दमट हवेत फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि पोलाद धरून ठेवणाऱ्या स्क्रूंचा ताण बदलतो. कॉलेजात असताना मी स्वतः एका क्लबात महिनाभर "या रायफलची नळी गेली" म्हणून रडत होतो. शेवटी निघाला तो पावसाळ्यानंतर सैल पडलेला एक स्क्रू. टॉर्क पान्याने दोन मिनिटांत काम झालं. आजच्या रायफलींना अ‍ॅल्युमिनियमचे दस्ते देतात त्यामागे हेही एक कारण आहे.

पाच गोळ्यांचा फोटो खरा मानू नका

जुनी रायफल विकणारे एक फोटो दाखवतात : पाच गोळ्या, एकच भोक. फोटो खोटा नसतो, पण तो निवडलेला असतो.

समजा एका रायफलचा पाच गोळ्यांचा ग्रुप सरासरी १५ मिमीचा आहे. काहीही न बदलता तीच रायफल पुन्हा पुन्हा चालवली, तर तीनपैकी साधारण दोन वेळा ग्रुप ११ ते १९ मिमीच्या मध्ये येईल आणि बाकी वेळा त्याच्याही बाहेर. कारण ग्रुप मोजताना आपण फक्त सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर घेतो, बाकीच्या तीन गोळ्यांची माहिती फेकून देतो.

योग्य पद्धत अशी : रायफल स्टँडमध्ये पक्की बसवा. एका लॉटच्या किमान ४० गोळ्या, दहा-दहाच्या गटांत. प्रत्येक कागदाचा मोबाइलने अगदी समोरून फोटो काढा, तिरका नको. छापील वर्तुळाचा व्यास ठाऊक असतोच, तीच पट्टी. मग सगळ्या भोकांचं केंद्र काढून प्रत्येक भोक त्यापासून किती लांब आहे त्याची सरासरी घ्या. हा आकडा पटकन हलत नाही.

रायफल बदलल्याने किती गुण वाढतील?

नेमबाजाची चूक आणि रायफलची चूक यांची सरळ बेरीज होत नाही. पायथागोरससारखी होते : दोन्हींचे वर्ग करा, मिळवा, वर्गमूळ काढा.

• कसलेला नेमबाज, स्वतःची चूक ५ मिमी. जुन्या रायफलची चूक ४ मिमी असेल तर एकूण ६.४. नव्या रायफलची २.५ असेल तर एकूण ५.६. फरक ०.८ मिमी, म्हणजे प्रत्येक शॉटला ०.१ गुण. ६० शॉटमध्ये ६ गुण. या पातळीवर पदक इकडचं तिकडे होतं.
• शिकणारा नेमबाज, स्वतःची चूक १५ मिमी. जुनी रायफल : १५.५. नवी : १५.२. फरक ०.३ मिमी. सगळा दिवस मारूनही दोन-अडीच गुण.

रायफल तीच, पैसे तेच, फायदा मात्र हातावर अवलंबून.

सुरुवात करायची असेल तर

पॉइंट टू टू रायफलला शस्त्रपरवाना लागतो, आणि सराव मान्यताप्राप्त रेंजवर, प्रशिक्षकासमोरच. बहुतेक जण १० मीटर एअर रायफलपासून सुरू करतात. कर्जत-खालापूरकरांना जवळचं ठिकाण म्हणजे पनवेल. तिथे कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत ऑलिंपियन सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. घाट चढून गेलं की पुण्यात बालेवाडीची रेंज. देशपातळीवरच्या मावळंकर स्पर्धेचं नावही आपल्या माणसाचं : लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर हे १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष होते.

मामाला काय सांगितलं?

बहिणीने प्रशिक्षकांच्या मदतीने तीन लॉट तपासले, स्क्रू ठरल्या ताणाला आवळले, तोंडाची तपासणी करून घेतली. त्या म्हाताऱ्या रायफलची चूक तिच्या स्वतःच्या चुकीच्या निम्म्याहूनही कमी निघाली. आकडे तिनेच मांडले आणि तिनेच मामाला सांगितलं, "बाबा, कर्ज नको. आधी माझी चूक कमी होऊ दे. ज्या दिवशी रायफल मला अडवेल, त्या दिवशी मी कागद घेऊन येईन."

मामाने तो कागद जपून ठेवलाय. जुळलेल्या लॉटच्या दोन पेट्या मात्र लगेच घेतल्या.