बाप्तिस्म्याच्या वहींतील कोरा रकाना



ज्युबिलीच्या ह्या आनंदाच्या वर्षीं आपल्या देवळाच्या भिंती, वेदी व घंटा ह्यांचा इतिहास सर्वजण हौसेनें वाचतील. परंतु देवळाच्या दप्तरांत जाड पुठ्ठ्याच्या ज्या जुन्या वह्या असतात, त्यांकडे थोड्यांचेंच लक्ष जातें. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं विवाहाची नोंद ठेवण्याचें आणि बाप्तिस्म्याच्या वेळीं उभे राहणाऱ्या धर्ममातापित्यांचीं नांवें पुस्तकांत लिहिण्याचें बंधन धर्मगुरूंवर घातलें. पुढें १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथानें बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यु आणि घरोघरच्या माणसांची यादी अशा पांच वह्यांचे नमुने घालून दिले. राजेरजवाड्यांच्या वंशावळी भाटांनीं गायिल्या. गरीब शेतकऱ्याच्या मुलाचें नांव जपलें तें ह्या वह्यांनीं.

म्हणूनच आपला पणजा कोण, तो कोणाचा मुलगा, हें शोधणारीं माणसें अखेर धर्मगुरूच्या दारीं येतात. कधीं कधीं असें होतें कीं, मुलाचें नांव सांपडतें, आईचें सांपडतें, आणि बापाच्या नांवाचा रकाना मात्र कोरा असतो. तो पाहून शोधणाऱ्याचा चेहरा उतरतो. त्या कोऱ्या रकान्याकडे कसें पाहावें, हें शिकविणारी एक हकीकत युरोपांतील एका शेतकरी कुळाची आहे. तें कूळ आडॉल्फ हिटलरचें. हें नांव ह्या पुस्तकांत पाहून कोणी दचकूं नये. कारण ह्या हकीकतीचें मूळ आपल्या ओळखीच्याच जागीं, एका धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या वहींत आहे.

ऑस्ट्रिया देशाच्या उत्तरेस वाल्डफिर्टल नांवाचा रानांनीं व्यापलेला, हलक्या जमिनीचा प्रांत आहे. तेथील स्ट्रोनेस ह्या खेड्यांत ७ जून १८३७ रोजीं मारिया आना शिकलग्रूबर ह्या स्त्रीस मुलगा झाला. ती एका अल्पभूधारक शेतकऱ्याची मुलगी. वय चाळिशीपुढें गेलेलें, आणि अविवाहित. त्याच दिवशीं डोलर्सहाइम येथील देवळांत मुलाचा बाप्तिस्मा होऊन त्याचें नांव आलोइस ठेविलें गेलें. धर्मगुरूनें वहींत आईचें नांव लिहिलें, मूल विवाहबाह्य असल्याची नोंद केली, आणि बापाचा रकाना कोरा ठेविला. आईनें नांव सांगितलें नाहीं. धर्मगुरूनें तर्कानें लिहिलें नाहीं. जेवढें ठाऊक तेवढेंच लिहावें, हा त्याचा धर्म त्यानें पाळला.

पांच वर्षांनीं, १८४२ सालीं, मारिया आनानें योहान गेओर्ग हीडलर ह्या फिरत्या गिरणीकामगाराशीं लग्न केलें. विवाहापूर्वीं झालेलें मूल आईबापांच्या नंतरच्या विवाहानें औरस ठरतें, असा धर्मनियम आहे. आलोइस खरोखरच गेओर्गचा असता, तर तशी नोंद करून घेण्यास कांहीं आडकाठी नव्हती. तरी गेओर्गनें ती कधींच करून घेतली नाहीं. १८४७ सालीं मारिया आना वारली. मुलगा वाढला तो गेओर्गच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे श्पिटाल गांवच्या योहान नेपोमूक ह्या शेतकऱ्याच्या घरीं. तेथून तो व्हिएन्नास जाऊन चांभारकाम शिकला, आणि १८५५ सालीं सरकारी जकातखात्यांत शिरून स्वतःच्या मेहनतीनें वर चढला. ह्या सर्व काळांत त्याचें आडनांव शिकलग्रूबर हेंच होतें, आणि तेवढ्यामुळें त्याचें कांहीं अडलें नाहीं.

मग एकाएकीं जून १८७६ मध्यें योहान नेपोमूक तीन साक्षीदार घेऊन वाइट्रा येथील दस्तऐवज करणाऱ्या अधिकाऱ्यापुढें उभा राहिला. दुसऱ्या दिवशीं डोलर्सहाइमच्या धर्मगुरूनें जुनी वही उघडली. 'विवाहबाह्य' हा शब्द खोडून औरस असें लिहिलें. शिकलग्रूबर हें नांव काढलें. आणि एकोणचाळीस वर्षें कोऱ्या राहिलेल्या रकान्यांत गेओर्ग हिटलर असें नांव भरलें. हीडलर हें आडनांव त्या भागांत निरनिराळ्या प्रकारें लिहीत. ह्या वेळीं तें हिटलर असें उतरलें. गेओर्गनें स्वतः पितृत्व कबूल केलें होतें, अशी टीप बाजूस जोडली. साक्षीदारांनीं सहीऐवजीं फुल्या केल्या. धर्मगुरूनें स्वतःची सही व तारीख मात्र घातली नाहीं. गेओर्ग १८५७ सालींच वारला होता. म्हणजे ज्याची कबुली लिहिली, तो एकोणीस वर्षें थडग्यांत होता, आणि जिला सत्य ठाऊक होतें ती आई एकोणतीस वर्षें. १७८४ सालीं सम्राट दुसरा जोसेफ ह्यानें ऑस्ट्रियांतील ह्या वह्यांना सरकारी दप्तराचा दर्जा दिला होता. त्यामुळें वहींत लिहिलेलें कायद्यानेंही खरें ठरलें, आणि १८७७ पासून आलोइस हा हिटलर झाला.

हें सर्व कशासाठीं केलें? नेपोमूकला तीन मुली होत्या, मुलगा नव्हता. तेव्हां ज्यास पोटच्या मुलाप्रमाणें वाढविलें त्यास कुळाचें नांव व वारसा मिळावा, असा हेतु कांहीं इतिहासकार सांगतात. कांहीं तर खुद्द नेपोमूकच त्याचा बाप असावा असें म्हणतात. ह्या प्रश्नास पुढें आणखी एक गांठ पडली. १८८५ सालीं आलोइसनें तिसरें लग्न केलें तें क्लारा प्योल्ट्स्ल हिच्याशीं. ती नेपोमूकच्या मुलीची मुलगी. वहींतील नव्या नोंदीमुळें वधूवर जवळचे आप्त ठरत होते, म्हणून रोमहून सूट मागून आणावी लागली. आणि नेपोमूक हाच खरा बाप असेल, तर नातें वहींत दिसतें त्याहूनही जवळचें होतें. एका रकान्यांत भरलेलें नांव पुढच्या पिढ्यांचे हिशेब कसे बदलून टाकतें, हें ह्यावरून ध्यानांत येईल.

क्लाराच्या पोटीं २० एप्रिल १८८९ रोजीं आडॉल्फ जन्मला. १९३३ सालीं जर्मनीची सत्ता त्याच्या हातीं आली, आणि त्याच वर्षीं ७ एप्रिलच्या कायद्यानें सरकारी नोकरांच्या रक्ताची चौकशी सुरू झाली. आईबाप किंवा आजेआज्या ह्यांपैकीं एक जरी यहुदी निघाला, तरी मनुष्य 'आर्येतर' ठरूं लागला. लाखों लोक आपल्या आजोबांचे दाखले मागण्यासाठीं देवळांच्या दारांत उभे राहिले. १९३५ सालच्या न्युरेंबर्ग कायद्यांनीं आजेआज्यांची मोजणी पुढें चालविली, आणि त्या वाटेच्या शेवटीं सुमारें ६० लाख यहुदी स्त्रीपुरुषमुलांचा संहार झाला. जी वही मुलाला देवाच्या घरांत घेतल्याची खूण म्हणून लिहिली गेली, तीच मनुष्याला मनुष्यांतून काढण्याचें साधन झाली. आणि हें करविणाऱ्या पुरुषास स्वतःच्या बापाच्या बापाचें नांव खात्रीनें सांगतां येत नव्हतें! १९३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वंशावळींत गेओर्गचें नांव जणूं निर्विवाद असल्याप्रमाणें छापलें गेलें.

येथें दुसऱ्या बाजूची चूकही सांगितली पाहिजे. हान्स फ्रांक हा हिटलरचा जुना वकील. १९४६ सालीं फांशी जाण्यापूर्वीं तुरुंगांत त्यानें लिहून ठेविलें कीं, मारिया आना ग्राट्स शहरांत एका यहुदी घरीं स्वयंपाकीण होती आणि बाप त्या घरचा. त्या काळीं ग्राट्समध्यें तसें कुटुंब असल्याचा पुरावा सांपडला नाहीं, म्हणून बहुतेक इतिहासकारांनीं ही कथा टाकून दिली आहे. तरी ती अजून सांगितली जाते. कारण एवढ्या दुष्टाव्याचें कारण रक्तांत शोधणें सोपें वाटतें. पण असें शोधणारा मनुष्य हिटलरच्याच शाळेंत बसतो. दुष्टावा आजोबाकडून आला नाहीं. तो नातवानें स्वतः निवडला.

१९३८ सालीं ऑस्ट्रिया जर्मनीस जोडल्यावर डोलर्सहाइम व भोंवतालचीं खेडीं लष्करी सरावासाठीं रिकामीं करण्यांत आलीं. स्ट्रोनेस नाहींसें झालें. देवळाचे भग्नावशेष राहिले. बाप्तिस्म्याची वही मात्र वांचली. खोडलेला शब्द आणि मागाहून भरलेलें नांव तिच्यांत आजही दिसतें.

आतां दुसरा एक कोरा रकाना पाहा. ९ डिसेंबर १५७९ रोजीं पेरू देशांतील लिमा शहरीं सान सेबास्तियान देवळांत एका मुलाचा बाप्तिस्मा झाला. आई काळ्या वंशाची, दास्यांतून सुटलेली. बाप अज्ञात, असें धर्मगुरूनें लिहिलें. तोच मुलगा डोमिनिकन मठांत रोग्यांची सेवा करणारा मार्टिन द पोरेस झाला, आणि ६ मे १९६२ रोजीं पोप तेविसावे योहान ह्यांनीं त्यास संत म्हणून घोषित केलें. त्याच्या बापानें त्यास पुढें आपला म्हटलें. परंतु जग त्यास ओळखतें तें त्याच्या सेवेनें.

ख्रिस्तसभेनेंही ह्या बाबतींत हळूहळू आपले नियम सुधारले. १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणें विवाहबाह्य जन्मलेल्यास सूट मिळाल्यावांचून धर्मगुरु होतां येत नसे. १९८३ च्या संहितेंत ती अट राहिली नाहीं. नोंदीचा नियम १९८३ च्या संहितेंत असा आहे: बापाचें पितृत्व कागदानें किंवा धर्मगुरु व दोन साक्षीदार ह्यांच्यासमोर त्यानें स्वतः दिलेल्या कबुलीनें सिद्ध झालें तरच त्याचें नांव लिहावें; एरवीं बापाविषयीं कांहींच न लिहितां मुलाचें नांव लिहावें. ह्या नियमांत आईची अब्रू आहे, आणि सत्याचीही.

म्हणून बंधुभगिनींनो, आपल्या शेतकरी पूर्वजांचा शोध जरूर करा. धर्ममातापित्यांचीं नांवें पाहा, आईचें गांव पाहा, विवाहाच्या व मृत्यूच्या वह्यांशीं ताडून पाहा. आणि शोधतांना कोरा रकाना भेटला, तर तो कोरा राहूं द्या. तेथें मानाचें नांव भरूं नका, आणि कुचाळकीचेंही भरूं नका. संत मत्तयानें प्रभूची वंशावळ लिहितांना तामार, राहाब व उरियाची बायको ह्यांना वगळलें नाहीं. ज्या मुलाच्या कपाळीं पाणी ओतलें गेलें, त्याच्या नांवापुढचा एक रकाना मनुष्यांना वाचतां येत नसेल. त्याचा स्वर्गांतील पिता कोण, हें मात्र त्या नोंदीनेंच सांगितलेलें असतें.