डोंगराच्या पोटातील पाणी

कोल्हापूर जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. मुरगूडच्या आसपासचे डोंगर काळ्या पाषाणाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून ते तयार झाले. राधानगरी-शाहूवाडीकडील सड्यांवर बॉक्साइट मिळते, पण कोळसा मिळत नाही. मग वेदगंगेच्या काठी राहणाऱ्यांनी कोळशाच्या खाणींचा इतिहास कशासाठी ऐकावयाचा, असा प्रश्न कोणी विचारील. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांतील भट्ट्या वर्षानुवर्षे बाहेरून आलेल्या कोकवर पेटल्या. आपल्या उसाला पाणी देणारे पंप ज्या विजेवर चालतात तिचा मोठा वाटा चंद्रपूर, कोराडी अशा केंद्रांत कोळसा जाळून निघतो. जी वस्तू आपण रोज वापरतो तिची किंमत कोणी मोजली, हे विचारणे आपले कर्तव्यच होय. या इतिहासाचे धागे पुष्कळ आहेत. आम्ही आज त्यांतील एकच धागा हाती घेणार आहोत, आणि तो म्हणजे खाणीतील पाणी.

मराठी माणसाच्या परिचयाच्या मुलखात कोळसा दोन ठिकाणी आहे. एक वर्धा नदीच्या खोऱ्यापासून नागपूरपर्यंतचा पट्टा. वरोरा, माजरी, बल्लारपूर, घुग्घुस, कामठी, सिल्लेवाडा ही त्यातील नावे. दुसरा भाग सातपुड्याच्या डोंगरांत, छिंदवाडा जिल्ह्यात, पेंच आणि कन्हान नद्यांच्या खोऱ्यांत आहे. छिंदवाडा आज मध्यप्रदेशात मोडतो. तथापि १९५६ पूर्वी हा सारा मुलूख ज्या एका प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर होती, आणि सौंसर-पांढुर्ण्याकडे मराठी घरोघर बोलली जाते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सचा कारभारही नागपुरातूनच चालतो व दोन्ही पट्टे तिच्याकडे आहेत. म्हणून या दोहोंचा विचार आम्ही एकत्रच करतो.

या खडकांना भूशास्त्रात ‘गोंडवन’ असे नाव आहे. १८७२ च्या सुमारास मेडलिकॉट नावाच्या भूशास्त्रज्ञाने गोंडांच्या देशावरून ते दिले. पुढे ते इतके रूढ झाले की, एके काळी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया मिळून जे महाखंड होते त्यालाही जग याच नावाने ओळखू लागले. ज्यांच्या नावाने शास्त्रज्ञ पृथ्वीचा इतिहास सांगतात, ती गोंड माणसे मात्र खाणीच्या हजेरीपटावर दिवसाच्या मजुरीने लागली.

वरोऱ्याची सरकारी खाण १८७० च्या दशकात सुरू झाली आणि १९०६ साली बंद पडली. मग बल्लारपूरकडे काम गेले. सातपुड्यात विसाव्या शतकाच्या आरंभी अरुंद रुळांची रेल्वे पोहोचली, आणि तिच्यामागोमाग पेंच खोऱ्यातील डोंगरांच्या कुशीत खाणी निघाल्या. डोंगरातील कोळसा काढण्यास रेल्वे हवी होती आणि रेल्वेच्या इंजिनाला कोळसा हवा होता. दोघांनाही माणूस हवा होता, आणि तो स्वस्त हवा होता.

पाण्याकडे वळण्यापूर्वी या माणसाला कायद्याचे संरक्षण किती होते, तेही पाहिले पाहिजे. हिंदुस्थानात खाणींचा पहिला कायदा १९०१ साली झाला. त्यात कामाच्या तासांना मर्यादा नव्हती. १९२३ च्या कायद्याने जमिनीखाली आठवड्यास ५४ तासांची मर्यादा घातली, एक दिवस सुटी दिली, आणि १३ वर्षांखालील मुलांना खाणीत आणण्यास बंदी केली. म्हणजे तोपर्यंत मुले खाणीत होती. स्त्रियाही होत्या. नवरा कोळसा फोडी आणि बायको तो टोपलीत भरून वाही, अशी जोडीने कामे चालत. १९२९ पासून स्त्रियांचे जमिनीखालील काम टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आले आणि १९३७ साली ते पूर्ण बंद झाले.

पण १९४३ साली, दुसऱ्या महायुद्धात, कोळसा कमी पडू लागला, आणि सरकारने ही बंदी उठवली. त्याची सुरुवात याच मध्यप्रांत-वऱ्हाडापासून झाली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९२० साली कागल जहागिरीतील माणगावच्या परिषदेचे अध्यक्षपद ज्यांनी भूषविले, तेच हे बाबासाहेब. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या मुलखात गेले आणि स्वतः खाणीत उतरले. लगेच पुढील महिन्यात खाण कामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात बंदी उठविण्यावरून टीका झाली, तेव्हा युद्धाची निकड सांगून त्यांना सरकारची बाजू मांडावी लागली. स्त्रीला पुरुषाइतक्याच कामाला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, हे तत्त्व येथे मान्य झाल्याचे त्यांनी त्याच चर्चेत आवर्जून सांगितले. १९४६ च्या फेब्रुवारीत बंदी पुन्हा लागू झाली. कामगारांविषयी ज्यांच्या कळकळीबद्दल शंका घेता येणार नाही, असा मनुष्य खात्यावर असतानाही कोळशाची निकड निर्माण होताच संरक्षण सैल झाले. यावरून एवढेच ध्यानात घ्यावयाचे की, कायदा केला म्हणजे तो टिकला असे होत नाही. तो टिकवावा लागतो.

आता पाण्याकडे येऊ. पेंच-कन्हानकडे डोंगराच्या उतारातून तिरपा बोगदा घेऊन कोळशाच्या थरापर्यंत जातात. त्याला ‘इन्क्लाइन’ म्हणतात. थरात पोहोचल्यावर आडवेउभे रस्ते पाडतात, आणि वरचे छत तोलून धरण्यासाठी मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब ठेवतात. काम संपत आले की हे खांबही काढून घेतात आणि तो भाग सोडून देतात. मग पुढचा भाग, नाहीतर शेजारची खाण. सोडलेली पोकळी मात्र तशीच राहते. पावसाळ्यात डोंगरावरचे पाणी भेगांतून झिरपून तेथे साठते. वर्षे जातात. जुना मालक जातो, जुना मॅनेजर जातो, नकाशा हरवतो किंवा अर्धवट राहतो. पलीकडून नव्या खाणीचे काम त्या पाण्याच्या दिशेने सरकत येते, आणि मध्ये उरलेली कोळशाची भिंत किती जाडीची आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

मुरगूडकरांना हे समजावून सांगण्यास दूर जावयास नको. आपला सर पिराजीराव तलाव डोळ्यांसमोर आणावा. समजा, त्याच्यावर माती टाकून तो झाकून टाकला, पन्नास वर्षांनी तो तेथे आहे हे लोक विसरले, आणि मग कोणी खालच्या बाजूने बोगदा खणीत आले. सुरुंगाचा शेवटचा बार उडेपर्यंत त्या माणसांना कळणार नाही की आपण तलावाच्या तळाला हात घातला आहे. विहिरी फोडणारे आपले गडी जुन्या विहिरीजवळ सुरुंग घालण्यापूर्वी दहादा विचार करतात, त्यातले शहाणपण हेच.

खाणीच्या अपघाताचे नाव काढले की लोकांना वायूचा स्फोट आठवतो. बंगाल-बिहारकडे स्फोटांनी शेकडो माणसे मेली, हे खरेच आहे. १९५८ साली चिनाकुरीत १७६ आणि १९६५ साली धोरीत २६८ मेले. आपल्या बाजूच्या खाणींत मात्र पाण्यानेच माणसे पुनःपुन्हा नेली. ऑगस्ट १९५३ मध्ये चांदा जिल्ह्यातील माजरीच्या खाणीत पाणी घुसून ११ जण मेले. डिसेंबर १९५४ मध्ये सातपुड्यातील न्यूटन चिखलीच्या खाणीत ६३ गेले. जानेवारी १९६० मध्ये कन्हान खोऱ्यातील दमुआ येथे १६ गेले. नोव्हेंबर १९७५ मध्ये नागपूरजवळ सिल्लेवाडा येथे १० गेले. चार ठिकाणांची बेरीज बरोबर शंभर होते. शंभर माणसे कामावर जाऊन पाण्यात बुडून मेली, आणि त्यांच्यापैकी कोणीही नदीवर गेलेले नव्हते.

या तारखांच्या मधल्या काळात काय झाले, ते पाहण्याजोगे आहे. १९५२ साली नवा खाण कायदा आला. त्याने आठवड्याचे तास ४८ केले. १९५७ साली कोळसा खाणींचे नवे विनियम झाले. जुन्या, सोडून दिलेल्या खोदकामाच्या साठ मीटरच्या आत परवानगीवाचून काम नेऊ नये, आणि तेथे पुढे जाताना आधी लांब छिद्रे पाडून पलीकडे पाणी आहे काय ते पाहावे, असा दंडक त्यांत होता. नियम उत्तम होता. न्यूटन चिखलीच्या ६३ जणांनंतर तीन वर्षांनी तो आला. आणि तो आल्यावर तीन वर्षांच्या आत दमुआची घटना घडली.

पुढे १९७१ ते १९७३ या काळात कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. आम्ही कामगार चळवळीतली माणसे या घटनेचे मोल जाणतो. कंत्राटदाराच्या मर्जीवर जगणाऱ्या खाणकामगाराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, राहण्यास घर आणि मान यांची शाश्वती तिने दिली. पण सिल्लेवाड्याचे दहा जण राष्ट्रीयीकरणानंतर मेले, हेही आम्हीच सांगितले पाहिजे. सिल्लेवाड्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, २७ डिसेंबर १९७५ रोजी, धनबादजवळ चासनाला येथे जुन्या खोदकामातील पाणी फुटून ३७५ माणसे गेली. तीही खाण तेव्हा सरकारी व्यवस्थेखालीच होती. ‘काला पत्थर’ हा बोलपट पुष्कळांनी पाहिला असेल. तो या अपघातावरून सुचला. मालक बदलला म्हणून भिंत जाड होत नाही. खाली काय चालले आहे हे जाणणाऱ्या माणसाचे म्हणणे वर ऐकले जाते की नाही, यावर सारे अवलंबून असते.

छतातून पाण्याचे थेंब वाढले, कोळसा ओला व थंड लागू लागला, भिंतीतून बारीक चिळकांडी उडाली, तर ते प्रथम कोणाला दिसते? तेथे काम करणाऱ्याला. मॅनेजर कितीही हुशार असला तरी तो पाळीभर त्या तोंडाशी उभा नसतो. म्हणून १९५८ च्या सुरक्षा परिषदेपासून कामगारांच्या सहभागाची मागणी जोर धरू लागली. १९८० च्या दशकात खाणींच्या नियमांत सुरक्षा समित्या आणि ‘कामगार निरीक्षक’ यांची तरतूद झाली. पाचशे किंवा अधिक माणसे असलेल्या खाणीत नोंदलेल्या युनियनशी विचारविनिमय करून असा निरीक्षक नेमावयाचा, आणि त्याने खाण तपासून आपले म्हणणे वहीत लिहावयाचे. ही वही म्हणजे आमच्या मते खाण इतिहासातील मोठी गोष्ट आहे. कारण तोंडी सांगितलेला धोका ‘मला कोणी सांगितले नव्हते’ म्हणून उडवून लावता येतो. लिहिलेला धोका तसा उडवता येत नाही.

आज वेस्टर्न कोलफील्ड्सचा बहुतेक कोळसा उघड्या खाणींतून निघतो. तेथे प्रश्न धुळीचे, गेलेल्या शेतीचे आणि कंत्राटी माणसांचे आहेत. १९५२ चा खाण कायदा २०२० च्या सुरक्षा संहितेत विलीन झाला, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्या कसोटीसाठी आमच्याजवळ एकच प्रश्न आहे. या नव्या व्यवस्थेत ती वही आणि ती लिहिणारा हात शाबूत राहतो काय?

हा प्रश्न जुन्या इतिहासापुरता नाही. मेघालयाच्या जैंतिया डोंगरांत उंदराच्या बिळासारख्या बोगद्यांतून कोळसा काढतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ साली त्यास बंदी घातली. तरीही १३ डिसेंबर २०१८ रोजी क्सान येथे अशा खाणीत पाणी शिरून १५ जण अडकले आणि वाचले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये आसामच्या दिमा हसाओ या डोंगरी जिल्ह्यात उमरांगसो येथे पुन्हा पाणी शिरले आणि नऊ जण गेले. बेकायदा खाणीला नकाशा नसतो, हजेरीपट नसतो, युनियन नसते. आत किती माणसे आहेत हे सांगण्यासही कोणी नसते. आमच्या लेखी १९५४ आणि २०२५ यांच्यात एवढाच फरक आहे की, यंत्रे सुधारली आणि विस्मरण तसेच राहिले.

आपल्या जिल्ह्यात कोळसा नसला तरी खोल विहिरी आहेत, दगडांच्या खाणी आहेत, साखर कारखान्यांचे बॉयलर आहेत, फाउंड्र्यांच्या भट्ट्या आहेत, गटारांत उतरणारी माणसे आहेत. या प्रत्येक ठिकाणी एक भिंत असते आणि तिच्या पलीकडे वाफ, वायू, पाणी किंवा दरड वाट पाहत असते. ती भिंत किती जाड आहे हे कामावर जाणाऱ्याला माहीत असले पाहिजे, आणि ती पातळ वाटली तर मजुरी न कापली जाता काम थांबविण्याचा त्याला हक्क असला पाहिजे. नगरपालिकेत, कारखान्याच्या सभेत, सोसायटीच्या बैठकीत आपल्यापैकी पुष्कळ जण बसतात. तेथे उत्पादनाचे आकडे वाचले जातील तेव्हा सुरक्षिततेची वहीही मागवावी, आणि ती नुसती कोरी नाही ना, एवढे उघडून पाहावे.