पिवळं उद्गारचिन्ह

जुना कॉम्प्युटर फॉरमॅट केला, विंडोज टाकलं आणि डिव्हाइस मॅनेजर उघडला, की काय दिसतं हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. आवाज नाही, नेट नाही, स्क्रीनवर भोपळ्याएवढे आयकॉन आणि यादीत चार-पाच पिवळी उद्गारचिन्हं. मशीन ठणठणीत असतं. हरवलेला असतो तो ड्रायव्हर.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. विंडोजला साउंड कार्डाची भाषा येत नाही, कार्डाला विंडोजची येत नाही, म्हणून मध्ये हा उभा. डॉसच्या काळात तर प्रत्येक प्रोग्रॅमचा दुभाषी वेगळा असायचा. वर्डस्टारला प्रिंटर वेगळा शिकवा, लोटसला वेगळा. मग हे काम विंडोजने स्वतःकडे घेतलं आणि ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ 'प्लग अँड प्ले' घेऊन आलं. लावा आणि चालवा! पुढे २० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात, खुद्द बिल गेट्स मंचावर असताना, विंडोज ९८ ला एक स्कॅनर जोडला आणि भर सभेत निळी स्क्रीन आली :-)

खरी पंचाईत त्यानंतरची. २००१ साली एक्सपी आलं ते एनटीच्या घराण्यातलं, त्यामुळे घरोघरचे विंडोज ९५च्या काळातले बरेच ड्रायव्हर बाद झाले. २००७ मध्ये व्हिस्टाने ग्राफिक्स ड्रायव्हरची रचनाच बदलली. ६४-बिट विंडोजमध्ये तर ३२-बिट ड्रायव्हर चालतच नाही. म्हणजे दर वेळी कंपनीने नवा ड्रायव्हर लिहायला हवा. पण एकदा विकून मोकळं झालेल्या स्कॅनरसाठी तो लिहिणार कोण? त्यात पैसा कुठाय?

आमच्या घरचंच उदाहरण देतो. देवळाली प्रवराला माझ्या चुलत्यांकडे, नानांकडे, २००४ सालचा एक कॉम्प्युटर आहे. एक्सपीवाला. त्याची हार्ड डिस्क गेली, मी दुसरी टाकली, एक्सपी पुन्हा बसवलं. ड्रायव्हरची सीडी कधीच गहाळ झालेली. नाना म्हणाले, "मशीन तर चांगलंय ना? मग आवाज का येईना?"

नेट चालायला नेटवर्कचा ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर मिळवायला नेट हवं, हा नेहमीचा पेच. पेनड्राइव्ह तेवढा चालत होता, कारण त्याचा ड्रायव्हर एक्सपीच्या पोटातच असतो. अशा वेळी एक साधी युक्ती आहे. उद्गारचिन्हावर डबल क्लिक करून 'डिटेल्स'मध्ये हार्डवेअर आयडी बघायचा. पीसीआयच्या उपकरणांना त्यात चार-चार आकडी दोन संकेत असतात, एक कंपनीचा आणि एक उपकरणाचा. इंटेलचा संकेत आहे ८०८६, म्हणजे १९७८ साली आलेल्या त्यांच्या प्रसिद्ध चिपचाच आकडा! हे संकेत कागदावर लिहून घ्यायचे, दुसऱ्या मशीनवर शोधायचे, आणि बसवताना आधी चिपसेट, मग बाकीचं. दुपारपर्यंत आवाज आला.

अडला तो स्कॅनर. नानांना आजोबांच्या उसाच्या हिशोबाच्या वह्या स्कॅन करायच्या होत्या. कागद इतका जुना झालाय की पान उलटताना कोपरा हातात येतो. स्कॅनर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ते मॉडेलच गायब. माझ्या लॅपटॉपच्या ६४-बिट विंडोजने तर त्याला ओळखच दिली नाही. शेवटी लॅपटॉप पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू केला आणि स्कॅनर लगेच हलला. लिनक्सवर 'सेन' नावाचा मुक्त प्रकल्प आहे. त्याचा सोर्स कोड उघडा असल्यामुळे, कंपनीने हात वर केले तरी लोक जुने स्कॅनर चालते ठेवतात.

या दुखण्याला एक मराठी बाजूही आहे, आणि ती पुण्याची आहे. कॉम्प्युटरला देवनागरी येत नव्हती तेव्हा तिचा दुभाषी चक्क हार्डवेअरमध्ये होता. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्टचं काम १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅककडे आलं. जिस्ट कार्ड पीसीच्या आयएसए स्लॉटमध्ये बसवलं, की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्रॅममध्ये मराठी नावं भरता यायची. पुढे विंडोज आलं, अक्षरं काढायचं काम सॉफ्टवेअरकडे गेलं, आणि २००० च्या आसपास नव्या मदरबोर्डवरून आयएसए स्लॉटही नाहीसा होत गेला. कार्डाचं काम संपलं.

पण त्याच्या जोडीची दोन कामं टिकली. १९८६ साली प्रमाण ठरलेला इनस्क्रिप्ट कीबोर्ड आजही विंडोज आणि लिनक्समध्ये आहे. इस्की ही अक्षरसंकेतांची पद्धत १९९१ मध्ये भारतीय मानक झाली, आणि युनिकोडमधली देवनागरी इस्कीच्या १९८८ च्या मांडणीवर उभी आहे. याउलट नव्वदच्या दशकात विंडोजसाठी जो-तो आपापला फॉन्ट आणि आपापले संकेत घेऊन आला. त्यातली फाइल आज उघडली तर मजकूर शाबूत असतो, पण फॉन्ट नसेल तर दिसतात नुसती अगम्य चिन्हं. हाही दुभाषी हरवल्याचाच प्रकार.

मला यातून एवढंच दिसतं, की यंत्र मरतंच. ते कसं बोलत होतं हे उघडपणे लिहून ठेवलेलं असेल, तरच पुढच्याला त्याचं काम चालवता येतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. घरोघरची धडधाकट मशीनं आता 'जुनी' ठरणार. तेव्हा तुमचं चालू आहे तोवर दोन कामं उरकून घ्या. ड्रायव्हरच्या फाइल आणि हार्डवेअर आयडी पेनड्राइव्हवर काढून ठेवा. आणि जुन्या फॉन्टमधलं मराठी लिखाण असेल, तर तो फॉन्ट हाताशी आहे तोवर ते युनिकोडमध्ये आणा. सुट्टीचा एक दिवस जाईल. पण नंतर शोधायला बसलात, तर किती जातील सांगता येत नाही.