बातमीदारांनी लिहिलेले हॉलिवूड

1927 नंतर बोलपट रुजू लागले आणि हॉलिवूडला संवाद लिहिणाऱ्यांची निकड भासू लागली. मूकपटांच्या पाट्या लिहिणे वेगळे आणि माणसांच्या तोंडी चटपटीत बोलणे घालणे वेगळे. थोडक्यात, नेमके आणि ठरल्या वेळेत लिहिण्याची सवय असलेली माणसे वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत होती. न्यूयॉर्क आणि शिकागोचे अनेक बातमीदार मग चांगल्या पगारावर कॅलिफोर्नियात आले आणि येताना आपला धंदाही कथावस्तू म्हणून घेऊन आले. पत्रकारिता, राजकारण आणि सत्य यांवरचे अमेरिकेचे अभिजात चित्रपट बव्हंशी या मंडळींच्या हातून घडले. बातमी कशी मिळवली जाते आणि कशी बनवली जाते, हे दोन्ही त्यांना ठाऊक असल्याने त्यांनी आपल्या व्यवसायाची भलामण क्वचितच केली.

सुरुवात बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर या शिकागोच्या दोन माजी बातमीदारांपासून होते. त्यांचे ‘द फ्रंट पेज’ हे नाटक 1928 साली ब्रॉडवेवर आले. शिकागोच्या फौजदारी न्यायालयातली वार्ताहरांची खोली हेच त्याचे स्थळ. दुसऱ्या दिवशी एका कैद्याला फाशी द्यायची आहे आणि निवडणूक तोंडावर आली आहे. महापौर आणि शेरीफ यांना फाशीतून मते मिळवायची आहेत. गव्हर्नरचा स्थगितीचा हुकूम घेऊन निरोप्या येतो, तेव्हा हुकूम पोहोचलाच नाही असे भासवण्यासाठी त्याला सरकारी नोकरीचे आमिष दाखवले जाते. पळालेला कैदी मात्र वार्ताहरांच्याच खोलीत, घडीच्या झाकणाच्या लिहिण्याच्या टेबलात दडवलेला असतो. त्याला तिथे ठेवणाऱ्यांना त्याच्या जिवापेक्षा आपल्या पत्राला मिळणाऱ्या खास बातमीची काळजी अधिक. खोलीतले बातमीदार फोनवर आपापल्या कचेरीला मजकूर सांगतात आणि एकाच घटनेची निरनिराळी वर्णने बिनदिक्कत पुढे जातात. संपादक वॉल्टर बर्न्स हे पात्र शिकागोचा प्रत्यक्षातला संपादक वॉल्टर हॉवी याच्यावर बेतलेले होते. लुईस माइलस्टोनने 1931 मध्ये त्यावर चित्रपट केला. हॉवर्ड हॉक्सने 1940 मध्ये ‘हिज गर्ल फ्रायडे’त नायक बातमीदाराच्या जागी स्त्री आणली आणि पात्रे एकमेकांचे बोलणे तोडत बोलतील अशी गती ठेवली. या गतीमुळे प्रेक्षक हसत राहतो आणि एका माणसाच्या फाशीचा सौदा चालला आहे याची जाणीव त्याला जरा उशिराच होते.

फ्रँक काप्राच्या ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’ (1939) मध्ये राजकीय धेंडाच्या मुठीतली वृत्तपत्रे एका प्रामाणिक सिनेटरचा आवाज त्याच्याच राज्यात पोहोचू देत नाहीत. वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबच्या पुढाकाराने त्याचा पहिला खेळ झाला आणि पडद्यावरचे दारुडे वार्ताहर पाहून राजधानीतले पत्रकार चिडले. सिनेटरही चिडले.

ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ (1941) वेल्ससोबत हर्मन मँकिविझने लिहिला. तो न्यूयॉर्क टाइम्सच्या नाट्यविभागात आणि ‘द न्यूयॉर्कर’मध्ये काम केलेला माणूस. वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट याच्या सॅन सिमियनच्या वाड्यावर तो पाहुणा म्हणूनही राहून आला होता. तरुण केन आपल्या पत्राच्या पहिल्या पानावर वाचकांना सत्य सांगण्याची प्रतिज्ञा छापतो. पुढे तो गव्हर्नरपदाची निवडणूक लढवतो. निकालाच्या रात्री छापखान्यात दोन मथळे जुळवून तयार असतात. एक केनच्या विजयाचा, दुसरा मतदानात लबाडी झाल्याचा. केन हरल्याचे दिसताच दुसरा मथळा छापायला जातो. तपास नाही, पुरावा नाही, लबाडीची बातमी मात्र निकालाआधीच तयार. सत्तेची हाव जडलेल्या वृत्तपत्राचे याहून नेमके चित्र सिनेमात सापडणे कठीण. प्रतिज्ञेचा मूळ कागद पुढे दुरावलेला मित्र परत पाठवतो आणि केन तो फाडून टाकतो.

केनमध्ये आपल्या मालकाची छाया दिसल्याने हर्स्टच्या पत्रांनी चित्रपटावर बहिष्कार टाकला, जाहिरातीही नाकारल्या. एमजीएमचा प्रमुख लुईस बी. मेयर याने चित्रपट नष्ट करण्याच्या बदल्यात खर्च भरून देण्याची तयारी दाखवली, पण चित्रपट काढणाऱ्या आरकेओचा अध्यक्ष जॉर्ज शेफर बधला नाही. नऊ नामांकनांपैकी ऑस्कर मिळाले एकच, तेही पटकथेला.

या परंपरेतला सर्वांत कठोर चित्रपट बिली वाइल्डरचा ‘एस इन द होल’ (1951). वाइल्डरने तरुणपणी व्हिएन्ना आणि बर्लिनमध्ये बातमीदारी केली होती. चित्रपटामागे एक खरी घटना आहे. जानेवारी 1925 मध्ये केंटकीतल्या सँड केव्ह या गुहेत फ्लॉइड कॉलिन्स नावाचा गुहासंशोधक अडकला. लुइव्हिलच्या ‘कुरियर-जर्नल’चा अंगाने किरकोळ बातमीदार विल्यम मिलर अरुंद भुयारातून सरपटत त्याच्यापर्यंत पोहोचला. त्याने मुलाखती घेतल्या, सुटकेच्या कामात हातभारही लावला. बाहेर बघ्यांची जत्रा भरली. फेब्रुवारीच्या मध्यावर बचावपथक आत पोहोचले तेव्हा कॉलिन्स मेलेला होता. मिलरला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले.

वाइल्डरने जत्रा तशीच ठेवली आणि बातमीदार बदलला. मोठ्या शहरांतल्या नोकऱ्या घालवून बसलेला चक टेटम (कर्क डग्लस) न्यू मेक्सिकोतल्या एका छोट्या पत्रात येतो. त्या कचेरीच्या भिंतीवर खरे सांगा असे बजावणारी भरतकामाची चौकट टांगलेली असते. लिओ मिनोसा नावाचा माणूस गुहेत अडकल्याचे टेटमला कळते. भिंतींना टेकू देत आत शिरले तर लिओ काही तासांत बाहेर येऊ शकतो. पण मग बातमी एका दिवसात संपेल. म्हणून टेटम डोंगराच्या माथ्यावरून भोक पाडण्याचा अनेक दिवसांचा मार्ग धरायला लावतो. फेरनिवडणुकीला उभा असलेला शेरीफ त्याला साथ देतो, कारण बातम्यांतून त्याचाही प्रचार होतो. इतर वार्ताहरांना गुहेपासून लांब ठेवण्याची जबाबदारी शेरीफची, त्याला वीर म्हणून रंगवण्याची टेटमची. डोंगराशी येण्याचा दर सुरुवातीला फुकट, मग पाव डॉलर, अर्धा डॉलर, एक डॉलर असा चढत जातो आणि दर वेळी पडद्यावर फक्त बदललेली पाटी दिसते. लिओ आत मरतो.

वाइल्डरने टेटमला एकट्याला दोषी धरले नाही, हे या चित्रपटाचे मोठेपण. वाचक, बघे, कंत्राटदार, शेरीफ आणि लिओची बायको या प्रत्येकाला या विलंबातून काहीतरी मिळते. अमेरिकन प्रेक्षकाने चित्रपटाकडे पाठ फिरवली. पॅरामाउंटने नाव बदलून ‘द बिग कार्निव्हल’ केले, तरी तो चालला नाही. व्हेनिसच्या महोत्सवात मात्र त्याला पारितोषिक मिळाले.

या काळात वृत्तपत्राची बाजू घेणारे चित्रपटही निघाले आणि तेही माजी बातमीदारांचेच. रिचर्ड ब्रूक्सच्या ‘डेडलाइन यूएसए’त (1952) हम्फ्री बोगार्टचा संपादक गुंडाशी झुंजतो, पण त्याचे पत्र बुडते ते मालकाच्या वारसांनी विकायला काढल्यामुळे. सॅम्युअल फुलरने स्वतःचे पैसे घालून ‘पार्क रो’ (1952) काढला. 1880च्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रगल्लीवरच्या या प्रेमाने भरलेल्या चित्रपटातही खलपक्ष म्हणजे दुसरे वृत्तपत्रच. 1957च्या ‘स्वीट स्मेल ऑफ सक्सेस’मध्ये गॉसिप स्तंभलेखक वॉल्टर विंचेलची छाया असलेला हन्सेकर एका स्तंभाच्या जोरावर माणसे घडवतो आणि मोडतो. कथा लिहिणारा अर्नेस्ट लेहमन अशाच स्तंभांना मजकूर पुरवणाऱ्या प्रसिद्धी एजंटकडे काम करून आलेला होता.

1976च्या ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ने दोष वृत्तपत्रातच शोधण्याची ही रीत मोडली. खलपक्ष वृत्तपत्राबाहेर, थेट व्हाइट हाउसमध्ये गेला. 17 जून 1972 रोजी वॉटरगेट इमारतीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत शिरलेले पाच जण पकडले गेले. वॉशिंग्टन पोस्टचे बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन यांनी त्याचा माग काढला. त्यांच्या पुस्तकाचे हक्क रॉबर्ट रेडफर्डच्या कंपनीने घेतले. पटकथा विल्यम गोल्डमनची, दिग्दर्शन ॲलन पाकुलाचे. गोल्डमन कादंबरीकार होता, वृत्तपत्राच्या कचेरीतून आलेला नव्हता.

पोस्टची कचेरी बरबँकच्या स्टुडिओत हुबेहूब उभारली गेली. टेबलांवर पसरायला खऱ्या कचेरीतली रद्दी खोक्यांत भरून मागवली होती. दारावरची चिकटपट्टी पाहून पोलिसांना बोलावणारा पहारेकरी फ्रँक विल्स याने स्वतःचीच भूमिका केली. सर्वांत मोलाचे म्हणजे, कामाचा कंटाळवाणेपणा चित्रपटाने लपवला नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये दोघे पुस्तके नेल्याच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे उपसत बसतात आणि कॅमेरा घुमटाकडे वर वर जातो, दोघे ठिपक्याएवढे होतात. चूकही लपवली नाही. राष्ट्राध्यक्षांचा सहायक हॉल्डमन याच्याविषयीची बातमी पक्की करताना बर्नस्टीन न्याय खात्यातल्या माणसाला सांगतो की मी दहापर्यंत मोजतो, बातमी चुकीची असेल तर फोन ठेवा. फोन चालू राहतो. समोरच्याने सूचनेचा अर्थच उलटा घेतलेला असतो. गुप्त निधीवर हॉल्डमनचे नियंत्रण होतेच, पण साक्षीदाराने ग्रँड ज्युरीपुढे तसे सांगितले ही बातमी खोटी ठरते.

तरी या चित्रपटाने काही सत्य बाजूला ठेवले. शोधाची धुरा वाहणारा शहर-संपादक बॅरी ससमन पडद्यावर नाहीच, मालकीण कॅथरीन ग्रॅहमही नाहीत. वुडवर्डच्या गुप्त सूत्राने दिलेला पैशाचा माग काढण्याचा प्रसिद्ध सल्ला पुस्तकात कुठे नाही, पटकथेतला आहे. राष्ट्राध्यक्ष निक्सनचा राजीनामा ऑगस्ट 1974 मध्ये आला. त्यामागे खटला चालवणारे न्यायाधीश सिरिका, सिनेटची समिती, विशेष सरकारी वकील आणि निक्सनच्या संभाषणांच्या ध्वनिफिती यांचा मोठा वाटा होता. चित्रपट जानेवारी 1973 मध्येच थांबतो आणि पुढचे सारे टेलिप्रिंटरच्या काही ओळींत सांगतो. त्यामुळे दोन बातमीदारांनी राष्ट्राध्यक्ष पाडला, ही समजूत घट्ट झाली. वुडवर्डला गुपचूप भेटणारा अधिकारी एफबीआयचा मार्क फेल्ट होता, हे 2005 मध्ये उघड झाले.

1976 मध्येच सिडनी ल्युमेटचा ‘नेटवर्क’ आला. लेखक पॅडी चायेफ्स्की आणि ल्युमेट दोघेही दूरचित्रवाणीत उमेदवारी करून आलेले. त्यांच्या चित्रपटात वाहिनी निवेदकाच्या वेडाचा कार्यक्रम बनवते आणि प्रेक्षकसंख्या घसरताच त्याला कॅमेऱ्यासमोर ठार करवते. आपल्या धंद्याला आतून ओळखणाऱ्यांचा जुना कठोरपणा इथे नव्या माध्यमात उतरला. 1977च्या ऑस्कर समारंभात आधारित पटकथेचा पुरस्कार गोल्डमनला मिळाला, मूळ पटकथेचा चायेफ्स्कीला.