रात्र कुणाच्या घड्याळाची? परभणीच्या झोपेचा इतिहास



या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका मित्राचा फोन आला. म्हणाला, "झोपेला कसला आलाय इतिहास? माणूस झोपला की इतिहास थांबतो." मी म्हटलं, बाबा, रब्बीत एखाद्या रात्री जिंतूर नाहीतर मानवत तालुक्यातल्या शिवारात चक्कर मार. बारा-एक वाजता तुला बॅटऱ्यांचे उजेड हलताना दिसतील. गव्हाला, हरभऱ्याला, उसाला पाणी चाललेलं असतं. ती माणसं हौसेनं जागी नाहीत. थ्री फेज लाईट रात्रीची आहे म्हणून जागी आहेत. त्यांनी कधी झोपायचं हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवलंय. आणि जिथं एकाची वेळ दुसरा ठरवतो, तिथं इतिहास असतोच.

आज तेवढंच सांगायचंय. आपल्या भागातल्या माणसाच्या रात्रीवर आधी जात्यानं, मग रेल्वे आणि गिरणीच्या घड्याळानं, मग विजेच्या पाळीनं हक्क सांगितला. शरीराच्या आतलं घड्याळ मात्र जुनंच राहिलं. आपली झोप बिघडते ती बहुतेक वेळा या दोन घड्याळांच्या भांडणात.

आधी थोडं शरीराचं बघू. 1953 साली शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी एक शोध प्रसिद्ध केला. झोपेत ठरावीक वेळा माणसाची बुबुळं मिटल्या पापण्यांआड वेगानं फिरतात, आणि त्या वेळी उठवलं तर तो बहुधा स्वप्न सांगतो. तोवर समज असा होता, की झोप म्हणजे दिवा विझवल्यासारखं काहीतरी. पुढच्या अभ्यासातून झोपेचं चक्र उलगडलं. आधी हलकी झोप, मग गाढ झोप, मग ही स्वप्नांची झोप. एक फेरा साधारण दीड तासाचा, रात्रीत असे चार ते सहा फेरे. पण सगळे फेरे सारखे नसतात, बरं का. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात येतो, स्वप्नांच्या झोपेचा शेवटच्या भागात. आपल्या भाषेत त्या पहाटेच्या झोपेला किती गोड शब्द आहे बघा: साखरझोप. यंत्रं नव्हती, तरी पहाटेच्या झोपेची जात वेगळी असते हे लोकांना ठाऊक होतं.

जुन्या मोजणीत रात्रीचे चार प्रहर. एक प्रहर साधारण तीन तासांचा, म्हणजे झोपेचे दोन फेरे. हा योगायोग आहे. पूर्वजांना सगळं माहीत होतं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण आज हिशेब समजायला सोयीचा आहे. पहिले दोन प्रहर गेले की गाढ झोप गेली. चौथा गेला की साखरझोप गेली.

आपल्याकडे हा चौथा प्रहर कुणाचा गेला? बायकांचा. गंगाखेड आपल्याच जिल्ह्यातलं, गोदाकाठचं, संत जनाबाईंचं गाव. जनाबाईंच्या आठवणीत जातं आणि दळण येतंच, आणि दळायला स्वतः विठ्ठल येतो. भक्तीची गोष्ट आहे, तशीच ती कष्टाचीही आहे. पहाटे, घर झोपलेलं असताना, एकटीला ओढवत नाही म्हणून देव हाताला हात लावतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुढे महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. एवढं मोठं वाङ्मय बायकांनी कधी रचलं? ज्या वेळी त्यांनी झोपायला हवं होतं, त्या वेळी. ओवीचं कौतुक करताना हे विसरू नये.

"पण तेव्हा लोक लवकर झोपत," असं कुणी म्हणेल. खरंय. दिवेलागणीनंतर रॉकेल जाळून बसणं परवडणारं नव्हतं. अमेरिकी इतिहासकार रॉजर एकर्च यांनी 2001 साली मांडलं, की विजेआधीच्या युरोपात माणसं रात्री दोन तुकड्यांत झोपत, मध्ये तास-दोन तास जागी असत. ते वाचून अनेकांना वाटलं, हीच माणसाची मूळ झोप. मग 2015 साली जेरोम सीगल आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या आणि बोलिव्हियातल्या, वीज न वापरणाऱ्या तीन समाजांची झोप मोजली. ते लोक सूर्यास्तानंतर सरासरी तीन तासांहून जास्त वेळ जागे राहत, आणि बहुधा एका सलग तुकड्यात झोपून सूर्योदयाआधी उठत. म्हणजे "जुन्या काळी सगळे सूर्य मावळला की झोपत" हेही सरसकट खरं नाही. जी माउली दळायला तीनला उठायची तिनं गेलेली झोप आधी भरून काढली होती, असं आपण गृहीत धरू शकत नाही.

आता दुसरं घड्याळ. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडहून हैदराबादकडे गोदावरीच्या खोऱ्यातून रेल्वे आली. सेलू, परभणी, पूर्णा ही गावं त्या रुळांवर आली. गाडी कोंबड्याच्या आरवण्यावर चालत नाही, मिनिटांवर चालते. 1 जानेवारी 1906 पासून देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली, तेव्हा मुंबईची घड्याळं जवळपास 39 मिनिटं पुढे करायची होती. तिथल्या गिरणी कामगारांनी त्याला कडाडून विरोध केला. कारण सरळ होतं: घड्याळ पुढे म्हणजे अंधारात उठणं.

मुंबईचं सांगतोय, कारण आपल्या खोऱ्यातला कापूस त्याच रुळांवरून तिकडे जायचा, आणि विजेच्या दिव्यानं माणसाच्या झोपेचं काय होतं हे मराठी माणसानं पहिल्यांदा तिथं अनुभवलं. तोवर गिरणी उजेडावर चाले. 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. ओरड झाली, चौकशा झाल्या, आणि 1911 च्या कारखाना कायद्यानं कापड गिरण्यांत प्रौढ पुरुषांचं काम दिवसाला 12 तासांवर आणलं. त्याआधी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यातून 10 जून 1890 ला आठवड्याची सुट्टी मिळाली होती. आपण याला कामगार चळवळीचा इतिहास म्हणतो. माझं म्हणणं, तो झोपेचाही इतिहास आहे.

तिसरं घड्याळ आपल्या बांधावरचं. विहिरी, बोअर, येलदरी आणि जायकवाडीचं पाणी यांनी रब्बी वाढली, आणि मोटेच्या जागी मोटर आली. मोट बैलांवर चालायची. बैल थकले की माणूसही थांबायचा. मोटर थकत नाही. वीज कमी पडायला लागली तशी शेतीची थ्री फेज पाळीनं मिळू लागली: आठवड्यातले काही दिवस दिवसा, उरलेले रात्री. कारखान्यातला कामगार रातपाळी करतो तर त्याची नोंद होते, तासांना कायदा असतो. शेतकऱ्याची रातपाळी कुठल्याच हजेरीपटावर नाही.

माझा मोठा भाऊ याच पाळीवर शेती करतो. रात्री अकराला आखाड्यावर जायचा, दारं धरायचा, मधेच लाईट गेली तर धुऱ्यावर बसून वाट बघायचा. सहाला घरी, मग दूध, मग जेवण, मग कसेबसे दोन तास झोप. दोन वर्षांपूर्वी पहाटे मोटरसायकलवरून येताना दादाला डुलकी लागली आणि गाडी नाल्यात गेली. खांद्यावर निभावलं. लोक म्हणाले, "लक्ष नव्हतं." लक्ष कुठून राहणार? पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं आणि पेंग सगळ्यात जास्त असते. तो निष्काळजीपणा नव्हता, शरीराचा नियम होता.

"सवय होते हो," असं आपण म्हणतो. 1938 साली त्याच क्लाइटमननी हे तपासलं होतं. एका तरुण सहकाऱ्याला घेऊन ते अमेरिकेतल्या मॅमथ गुहेत 32 दिवस राहिले. तिथं सूर्य नाही. त्यांनी दिवस 28 तासांचा करून पाहिला. सहकाऱ्याचं शरीर बरंचसं जुळलं. चाळिशी ओलांडलेल्या क्लाइटमनचं नाही जुळलं. त्यांचं तापमान 24 तासांच्याच लयीत चढत-उतरत राहिलं. ते गुहेत होते. आपला शेतकरी तर सकाळी उन्हातून घरी येतो, आणि ऊन मेंदूला सांगतं, दिवस उजाडला. त्यात पाळी सारखी फिरती. सवय व्हायला वेळच मिळत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 2007 साली रात्रपाळीला कर्करोगाच्या "संभाव्य" कारणांत धरलं आणि 2019 साली ते मत कायम ठेवलं. घाबरवायला सांगत नाही. हा प्रश्न आळसाचा नाही, आरोग्याचा आहे, एवढ्यासाठी सांगतोय.

मग करायचं काय? वाग्भटांच्या अष्टांगहृदयात एक सूचना आहे: रात्री जागरण झालं तर त्याच्या निम्मा वेळ सकाळी, जेवणाआधी झोपावं. आपण नेमकं उलटं करतो. भरपेट जेवतो, मग आडवे होतो. रातपाळी असेल त्या दिवशी दुपारी दीड तास, म्हणजे एक पूर्ण फेरा, झोपून घ्या. परतल्यावर खिडकीला जाड कपडा लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. निदान चार तास तरी असे धरा, की पाळी कुठलीही असो, ते रोज एकाच वेळी झोपेचे असतील. शेवटचा चहा घरी यायच्या बराच आधी घ्या. आणि पेंग येत असेल तर गाडीला किक मारू नका, आखाड्यावरच वीस मिनिटं डोळा लावा.

पण हे मलमच. मूळ उपाय दिवसा वीज. शेतीच्या वाहिन्यांना सौरऊर्जेवर दिवसा वीज देणारी राज्याची योजना 2017 पासून आहे. तिचा हिशेब आपण मेगावॅटमध्ये करतो. किती माणसं रात्री घरी झोपायला लागली, असाही करावा.

(प्रश्नोत्तरांतून)

एका ताईंनी विचारलं: "सर, माणूस पहाटे घरी येतो तेव्हा दार उघडायला, पाणी तापवायला बाई उठलेलीच असते. तिची झोप कुणी मोजायची?"

ताई, तुम्ही माझी चूक दाखवलीत. मी चौथा प्रहर जनाबाईंपाशी सुरू केला आणि मोटरीपाशी येईतो बाईला विसरलो. गिरणी आल्यावर जातं बंद पडलं, पण तो प्रहर तिला परत मिळाला नाही. दादा नाल्यात पडला तेव्हा वहिनी तीनपासून जागीच होती, फोनची वाट बघत. घरात एकाची रातपाळी कधीच एकाची नसते. पुढच्या वेळी हा विषय मांडेन तेव्हा सुरुवात तिथून करीन.